हवामान खाते ‘खाते’ आणि पाषाणची संस्था ‘संस्था’ का? केंद्र सरकारच्या रचनेविषयी एक प्रश्न

खडूफळा:

नमस्कार. मी पुण्यातील एका शाळेत नववी-दहावीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. यंदा मुलांना घेऊन शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या कार्यालयात, म्हणजे जुने पुणेकर ज्याला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात तिथे, आणि त्यानंतर पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जाऊन आले. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारले, “बाई, दोन्हीकडे पावसाचाच अभ्यास चालतो आणि दोन्ही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्याच हाताखाली आहेत, मग एक खाते आणि दुसरी संस्था कशी?” मी तिला सांगितले की एक सरकारी आहे आणि दुसरी स्वायत्त. त्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, “म्हणजे दुसरी सरकारी नाही का?” खरे सांगायचे तर मला नीट उत्तर देता आले नाही.

आमचे पाठ्यपुस्तक संसद, मंत्रिमंडळ आणि न्यायमंडळ व्यवस्थित समजावते, पण मंत्र्यापाशी येऊन थांबते. मंत्र्याच्या खाली जो प्रचंड डोलारा आहे, त्यातील मंत्रालय, विभाग, संचालनालय, मंडळ, आयोग, प्राधिकरण, महामंडळ या शब्दांचे नेमके अर्थ काय, आणि एखादे कार्यालय यांपैकी कशात मोडते हे कसे ओळखायचे? मला वर्गासाठी एक तक्ता करायचा आहे. पण शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना ओळखण्याची रीत सांगता आली तर अधिक बरे होईल.

जुना बाबू:

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न सोपा नाही. निवृत्त होईपर्यंत मी दिल्लीत केंद्रीय सचिवालयात नोकरी केली आणि तिथेही अनेकांना हा फरक बदलीच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळीच कळत असे.

प्रथम वरच्या टोकापासून सुरुवात करू. संविधानाच्या अनुच्छेद ७७ नुसार भारत सरकारची सर्व शासकीय कार्यवाही राष्ट्रपतींच्या नावाने चालते, आणि हे काम मंत्र्यांमध्ये कसे वाटायचे याचे नियम राष्ट्रपती करतात. त्यानुसार १९६१ साली दोन नियमावल्या झाल्या, एक कार्यवाटपाची आणि दुसरी कामकाज चालवण्याची. पहिल्या नियमावलीच्या अनुसूचींत कोणकोणती मंत्रालये आणि विभाग आहेत आणि कोणता विषय कोणाकडे आहे याची लांबलचक यादी असते. मंत्रालयाचे अस्तित्व म्हणजे खरे तर त्या यादीतील एक नोंद. म्हणूनच २०१९ मध्ये दोन मंत्रालये एकत्र करून जलशक्ती मंत्रालय झाले किंवा २०२१ मध्ये कृषी मंत्रालयातून सहकार वेगळे काढले गेले, तेव्हा संसदेला नवा कायदा करावा लागला नाही. अनुसूचीत बदल झाला आणि पाट्या बदलल्या.

मंत्रालयाच्या आत एक किंवा अनेक विभाग असतात आणि प्रत्येक विभागाचा प्रशासकीय प्रमुख सचिव असतो. वित्त मंत्रालयात आर्थिक व्यवहार, व्यय, महसूल, वित्तीय सेवा असे अनेक विभाग आहेत आणि त्यांचे सचिवही वेगवेगळे आहेत. उलट अणुऊर्जा विभाग आणि अंतराळ विभाग कोणत्याही मंत्रालयाच्या पोटात नाहीत. ते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतात, आणि त्यांची मुख्यालयेही दिल्लीत नसून अनुक्रमे मुंबईत आणि बंगळुरूत आहेत. सचिवाखाली अपर सचिव, सहसचिव, संचालक किंवा उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी अशी उतरंड लागते, आणि नस्तीचा, म्हणजे फाइलीचा, प्रवास बहुधा खालून वर होतो.

आपल्याकडे ‘मंत्रालय’ या शब्दाने थोडा घोळ होतो, हे मुलांना जरूर सांगा. मुंबईतील मंत्रालय ही इमारत आहे आणि तिच्यात राज्याचे सगळे विभाग बसतात. पूर्वी तिलाच सचिवालय म्हणत असत. दिल्लीत मात्र एका विषयसमूहाचे एक मंत्रालय, अशी अनेक मंत्रालये आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. सचिवालयाचे काम धोरण ठरवण्याचे. अंमलबजावणीसाठी प्रत्येक मंत्रालयाच्या हाताखाली कार्यालये असतात. त्यांत धोरणाच्या अंमलबजावणीला दिशा देणारी आणि तांत्रिक माहितीचा साठा बाळगणारी ती संलग्न कार्यालये, आणि प्रत्यक्ष जागेवर काम करणारी ती दुय्यम किंवा अधीनस्थ कार्यालये, असा भेद केला जातो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे संस्कृती मंत्रालयाचे संलग्न कार्यालय आहे, तर नकाशे करणारा भारतीय सर्वेक्षण विभाग हे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे दुय्यम कार्यालय आहे. नागरिकाच्या दृष्टीने हा भेद फारसा महत्त्वाचा नाही, कारण दोन्ही सरकारचेच अवयव आहेत: त्यांचा खर्च संसदेने मंजूर केलेल्या मागण्यांतून थेट भारताच्या संचित निधीतून होतो, कर्मचारी केंद्र सरकारचे नोकर असतात, आणि त्यांना स्वतःचे वेगळे कायदेशीर व्यक्तिमत्त्व नसते.

हवामान खाते या गटातले. ते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग सिमल्याला, १९२८ पासून पुण्याला आणि १९४४ पासून दिल्लीला, असे फिरत राहिले. तुमच्या सिमला ऑफिसचे नाव त्या स्थलांतरातून आले. मंत्रालयेही त्याने अनेक पाहिली. विमान वाहतुकीच्या छत्राखाली ते बरीच वर्षे होते, आणि २००६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय झाल्यावर तिथे आले. मालक मंत्रालय बदलत गेले, खाते मात्र सरकारचेच राहिले.

पाषाणची संस्था १९६२ मध्ये याच खात्याच्या पोटात जन्मली आणि १९७१ मध्ये वेगळी होऊन स्वायत्त झाली. तिला नियामक मंडळ आहे. तिचे शास्त्रज्ञ त्या संस्थेचे नोकर आहेत, थेट सरकारचे नव्हेत. आणि मंत्रालयाकडून तिला अनुदान मिळते, म्हणजे पैसा सरकारचाच, पण तो एका वेगळ्या व्यक्तीला दिलेला. असे करण्यामागे साधारण हेतू असा असतो की संशोधकांची भरती, पदोन्नती आणि उपकरणांची खरेदी सचिवालयाच्या चाकोरीतून सुटावी. तुमच्या बसच्या वाटेवरच असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही अशाच एका नोंदणीकृत संस्थेची, म्हणजे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची आहे; तिचे अध्यक्ष पदसिद्ध पंतप्रधान असतात, तरीही ती सरकारचा विभाग नाही.

तेव्हा ओळखण्याची रीत म्हणून मी एकच सांगेन: पाटीवरचे नाव वाचू नका, जन्माचा कागद मागा. तो कागद संविधानाचा अनुच्छेद असेल, जसे निवडणूक आयोगासाठी ३२४ आणि वित्त आयोगासाठी २८०, तर ती संस्था घटनात्मक. तो संसदेचा अधिनियम असेल तर वैधानिक, जसे रिझर्व्ह बँक किंवा विद्यापीठ अनुदान आयोग. संस्था नोंदणी अधिनियमाखालचे प्रमाणपत्र असेल तर सोसायटी, कंपनी कायद्याखालचे असेल तर सरकारी कंपनी, आणि नुसता सरकारचा ठराव असेल तर त्या ठरावाइतकेच तिचे आयुष्य. नियोजन आयोग १९५० मध्ये ठरावाने आला आणि ठरावानेच गेला. १ जानेवारी २०१५ ला आलेला नीती आयोगही ठरावाचाच आहे. याउलट भारतीय वैद्यक परिषद बाजूला करून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणायचा होता, तेव्हा २०१९ मध्ये संसदेत नवा अधिनियम करावा लागला.

नावे फसवतात ती अशी: वरचे सहाही ‘आयोग’ आहेत, पण त्यांचे जन्म तीन प्रकारचे आहेत. रेल्वे बोर्ड नावाने मंडळ असले तरी तेच रेल्वे मंत्रालय आहे.

शंकासुर:

बाबूसाहेब, उत्तर उत्तम आहे, पण जन्माच्या कागदावर तुम्ही फार भार टाकला आहे असे मला वाटते. कागद जन्म सांगतो. ताबा कोणाचा हे सांगत नाही.

आधार क्रमांक देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे उदाहरण घ्या. जानेवारी २००९ मध्ये ते नियोजन आयोगाचे संलग्न कार्यालय म्हणून एका अधिसूचनेने सुरू झाले, आणि कोट्यवधी लोकांचे बोटांचे ठसे त्याने त्याच अवस्थेत गोळा केले. वैधानिक दर्जा त्याला आधार अधिनियमानंतर जुलै २०१६ मध्ये मिळाला. तुमच्या रीतीने पाहिले तर ११ जुलैला ते एक प्रकारचे कार्यालय होते आणि १२ जुलैला दुसऱ्याच प्रकारची संस्था झाले. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी काहीच बदलल्याचे जाणवले नसणार.

केंद्रीय अन्वेषण विभागाचे त्याहून विचित्र आहे. तो १ एप्रिल १९६३ रोजी गृह मंत्रालयाच्या ठरावाने निर्माण झाला आणि तपासाचे अधिकार मात्र १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियमातून घेतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर त्याची स्थापनाच अवैध ठरवली, आणि काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे जन्माचा कागद संशयास्पद असूनही संस्था देशभर वजन राखून आहे. दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह बँकेचा अधिनियम पक्का आहे, पण त्याच अधिनियमाचे कलम ७ सरकारला, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, लोकहितासाठी बँकेला निर्देश देण्याचा अधिकार देते, आणि गव्हर्नरांची नेमणूकही केंद्र सरकारच करते.

माझ्या मते मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: प्रमुखाला कोण नेमतो, त्याला काढणे किती अवघड आहे, आणि पैसा कोणाच्या सहीने येतो. मुख्य निवडणूक आयुक्तांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, त्याच कारणांसाठी आणि त्याच रीतीने काढता येते; पुष्कळशा ‘स्वायत्त’ संस्थांच्या संचालकांच्या वाट्याला अशी ढाल येत नाही. ‘स्वायत्त’ हा शब्द आपल्याकडे फार उदारपणे वापरला जातो.

जुना बाबू:

शंकासुर, तुमचे तीन प्रश्न मला मान्य आहेत आणि तक्त्यात ते असावेत. मात्र त्यांची उत्तरे शोधायला शेवटी तोच कागद उघडावा लागतो. नेमणूक कोण करतो हे अधिनियमात, नियमावलीत किंवा ठरावातच लिहिलेले असते. शिवाय प्राधिकरणाचा दर्जा १२ जुलैला बदलल्याने काहीच झाले नाही असे नाही. त्याच्या कामाला संसदेने घातलेल्या मर्यादा, गुन्हे आणि दंड त्या अधिनियमामुळे आले. काउंटरवर जाणवले नाही, हे मात्र खरे.

उलटतपासणी:

मी दिवाणी वकिली करतो, त्यामुळे माझ्यापुढे हा प्रश्न ‘दावा कोणावर लावायचा’ या रूपात येतो, आणि चूक झाली की अशिलाचे महिने वाया जातात.

हवामान खात्यावर दावा लावता येत नाही. खाते ही व्यक्ती नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७९ नुसार प्रतिवादी असतो ‘भारतीय संघराज्य’. त्याआधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि ती केंद्र सरकारच्या सचिवाला द्यायची असते. अपवाद रेल्वेचा, कारण दावा रेल्वेसंबंधी असेल तर नोटीस त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकाला द्यावी लागते. पाषाणच्या संस्थेसारखी सोसायटी, आयुर्विमा महामंडळासारखे वैधानिक महामंडळ किंवा सरकारी कंपनी यांच्यावर मात्र त्यांच्याच बाबतीतला दावा थेट लावता येतो आणि तिथे कलम ८० आड येत नाही. बाबूसाहेबांनी ‘वेगळे कायदेशीर व्यक्तिमत्त्व’ असा जो शब्दप्रयोग केला, त्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे.

नोकरीच्या बाबतीतही हीच रेघ लागते. बडतर्फीपूर्वी चौकशीची हमी देणारा संविधानाचा अनुच्छेद ३११ सरकारी सेवकांसाठी आहे. महामंडळाच्या किंवा सोसायटीच्या कर्मचाऱ्याला तो लागू होत नाही, त्याला आपल्या सेवानियमांवर विसंबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, आयुर्विमा महामंडळ आणि औद्योगिक वित्त महामंडळ यांच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले होते.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: “म्हणजे ती सरकारी नाही का?” याचे नेमके उत्तर असे की ती ‘सरकार’ नाही, पण ‘राज्यसंस्था’ आहे. अनुच्छेद १२ मधील ‘राज्य’ ही संज्ञा सरकारपेक्षा मोठी आहे. वर उल्लेख झालेली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद ‘राज्य’ नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटले होते. २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला. आर्थिक, कार्यात्मक आणि प्रशासकीय दृष्ट्या संस्थेवर सरकारचे खोलवर नियंत्रण आहे का, अशी कसोटी त्या निकालात मांडली आहे. म्हणजे शंकासुरांचा मुद्दा न्यायालयाने उचलून धरला म्हणायचा, निदान मूलभूत हक्कांपुरता. याच कसोटीवर २००५ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ नाही असे ठरले. मुलांना हे उदाहरण नक्की आवडेल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणाऱ्याला मात्र एवढा विचार करावा लागत नाही. २००५ च्या अधिनियमाचे कलम ६(३) म्हणते की अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा. ‘हा विषय आमच्याशी संबंधित नाही’ असा एका ओळीचा शेरा मारून अर्ज परत करणारी कार्यालये मी पाहिली आहेत; त्यांना हे कलम दाखवले की अर्ज आपोआप पुढे सरकतो.

कातळसडा:

आम्ही रत्नागिरीकर. हा धागा वाचून मला वर्षानुवर्षे पडलेला प्रश्न विचारतो. रोह्यापर्यंत येणारी मध्य रेल्वे आणि रोह्याच्या पुढची कोकण रेल्वे, एकच गाडी, एकच तिकीट. मग आमची रेल्वे वेगळी का? आणि उलटतपासणी साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे नोटीस द्यायची तर ती कोणाला?

जुना बाबू:

मध्य रेल्वे हा रेल्वे मंत्रालयाखालचा एक विभागीय परिमंडळ आहे, म्हणजे सरकारच. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये कंपनी म्हणून स्थापन झाले, आणि तिच्या मूळ भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५ आणि केरळ व गोव्याचे प्रत्येकी ६ टक्के होते. एवढ्या बोगद्यांचा आणि पुलांचा खर्च नेहमीच्या रेल्वे अंदाजपत्रकातून होणे कठीण होते, म्हणून चार राज्यांना भागीदार करून बाजारातून रोख्यांद्वारे पैसा उभा करता येईल असे साधन काढले गेले. विभाग रोखे काढून भागीदार घेऊ शकत नाही, कंपनी घेऊ शकते. रूप निवडण्यामागे बहुतेकदा असे साधे कारण असते. कंपनीची दुसरी बाजू तुम्हाला ठाऊकच आहे: दुपदरीकरणाला पैसा हवा की पुन्हा भागधारकांच्या तोंडाकडे पाहणे आले, आणि विलीनीकरणाची चर्चा त्यातूनच निघते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, ती तक्त्यात घालण्याजोगी आहे. या दोन्ही रेल्वेंच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रेल्वे चालवणाऱ्यानेच अपघाताची चौकशी करू नये म्हणून १९४१ मध्ये ही फारकत करण्यात आली. संस्था कोणाच्या हाताखाली ठेवली आहे याइतकेच ती कोणाच्या हाताखाली ठेवलेली नाही, हेही रचनेत महत्त्वाचे असते.

उलटतपासणी:

कातळसडा, महामंडळ स्वतंत्र कंपनी असल्याने पत्रव्यवहार थेट महामंडळाच्या नावे, बेलापूरच्या मुख्यालयाच्या पत्त्यावर करा. मालाची नुकसानभरपाई किंवा अपघाताची भरपाई हा विषय असेल तर मात्र दिवाणी न्यायालयात न जाता रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते.

खडूफळा:

सर्वांचे मनापासून आभार. तक्त्याचा बेत मी बदलला आहे. शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांऐवजी आता जन्माचा कागद, प्रमुखाची नेमणूक, पैशाचा मार्ग आणि दावा कोणाच्या नावे असे चार रकाने करते आहे, आणि मुलांनी गावातली कार्यालये शोधून भरायची. पहिल्याच तासाला एका मुलाने पोस्ट ऑफिस लिहिले आणि ‘विभाग’ म्हणून मोकळा झाला. ते बरोबर आहे ना?

जुना बाबू:

इमारत आणि टपाल यांपुरते बरोबर आहे; टपाल विभाग हा दळणवळण मंत्रालयाचा विभाग आहे. पण त्याला म्हणावे, काउंटरपाशी अर्धा तास उभा राहा. तिथे बचत खाते उघडले तर ती सरकारची बचत योजना, जिचे नियम वित्त मंत्रालय करते आणि टपाल विभाग फक्त ती चालवतो. त्याच खिडकीवर पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडले तर ते एका कंपनीकडे, जिचे सगळे भाग सरकारचे आहेत. आणि त्या खात्यात २ लाखांहून अधिक रक्कम ठेवण्याची परवानगी नसल्याने वरची रक्कम जोडलेल्या टपाल बचत खात्यात वळवता येते, म्हणजे कंपनीकडून सरकारकडे. टपाल जीवन विमा १८८४ पासूनचा, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणातूनही बाहेर राहिलेला, आणि तो विभागाचाच. पलीकडे आधारची दुरुस्ती चालते ती वैधानिक प्राधिकरणाच्या वतीने, आणि काही मोठ्या टपाल कार्यालयांत पारपत्राचे काम होते ते परराष्ट्र मंत्रालयाच्या वतीने. त्या मुलाला एका ओळीऐवजी पाच ओळी लिहाव्या लागतील.